स्कूबाच्या सिलिंडरमध्ये ऑक्सिजन नव्हे, हवाच असते

अंदमानच्या सहलींचा हंगाम आला की एक मेसेज फिरतो: स्वराज द्वीपला, म्हणजे जुन्या हॅवलॉकला स्कूबा (पाठीवर सिलिंडर घेऊन पाण्याखाली पोहणं) करा, सिलिंडरमधला शुद्ध ऑक्सिजन फुप्फुसं साफ करतो, दमेकऱ्यांना तर वरदानच!

हे खोटं आहे, आणि शेवटचा भाग धोकादायक. सिलिंडरमध्ये आपली नेहमीचीच हवा असते, गाळून, कोरडी करून सुमारे २०० बार (नेहमीच्या हवेच्या जवळपास २०० पट) दाबाने भरलेली. ऑक्सिजन २१ टक्के, उरलेला जवळपास सगळा नायट्रोजन. (नायट्रॉक्स, म्हणजे जास्त ऑक्सिजन मिसळलेली हवा, घेतलात तरी ऑक्सिजन सहसा ३२ ते ३६ टक्केच.) प्रवाळ बघायला पर्यटक १०-१२ मीटरपर्यंत उतरतात. १० मीटरवर दाब दुप्पट होतो. त्या दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन घेतला तर आकडी येऊ शकते, आणि पाण्याखाली आकडी म्हणजे तोंडातलं रेग्युलेटर (श्वास घेण्याचं साधन) सुटून बुडणंच. त्यामुळे शुद्ध ऑक्सिजनची मर्यादा जेमतेम ६ मीटर मानतात.

दम्याचं तर उलटंच. कोरड्या हवेने श्वासनलिका आकसू शकतात. वर येताना फुप्फुसात अडकलेली हवा फुगते आणि फुप्फुस फाटू शकतं. डाइव्हआधीच्या फॉर्मवर दम्याचा प्रश्न उगाच नसतो. तिथे खरं लिहा, आणि डॉक्टरांना तिकीट काढण्याआधीच विचारा.