‘१८ पूर्ण झाले, विमा संपला’ हे खरं नाही

पालकांच्या गटांत एक संदेश पुन्हा पुन्हा फिरतोय: ‘दिव्यांग मूल १८ वर्षांचं झालं की आईवडिलांच्या आरोग्य विम्यातून त्याचं नाव निघतं. पुढे कुठलीही कंपनी त्याला घेत नाही. निरामय (दिव्यांगांसाठीची सरकारी आरोग्य विमा योजना) फक्त लहान मुलांसाठी आहे. तेव्हा हप्ते थांबवा आणि तेच पैसे मुदत ठेवीत टाका.’ माझा मुलगा स्वमग्न आहे, २२ वर्षांचा. हे वाचून हप्ता न भरलेले दोन पालक मला भेटले, म्हणून लिहायला बसले.

आधी वयाचं. फॅमिली फ्लोटरमध्ये, म्हणजे अख्ख्या कुटुंबाच्या एकाच पॉलिसीत, अवलंबून असलेलं मूल बहुतेक पॉलिसींत २५ वर्षांपर्यंत राहतं. नेमकं वय तुमच्या पॉलिसीच्या कागदात लिहिलेलं असतं. ईएसआयच्या, म्हणजे कर्मचारी राज्य विम्याच्या, कायद्यात तर शारीरिक किंवा मानसिक अपंगत्वामुळे पूर्णपणे तुमच्या कमाईवर अवलंबून असलेलं मूल, ते अपंगत्व असेपर्यंत, कुटुंबातच मोजतात. सीजीएचएसमध्ये, म्हणजे केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांच्या आरोग्य योजनेत, मुलग्याला एरवी २५ची मर्यादा आहे, पण कायमचं अपंगत्व असलेल्या अवलंबित मुलग्याला ती लागू नाही. आयुष्मान भारतला वयाची अटच नाही.

‘कुठलीही कंपनी घेत नाही’ हे मात्र हवेतून आलेलं नाही. कित्येक वर्षं आम्ही तेच ऐकत आलो. पण डिसेंबर २०२२मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने या प्रश्नात लक्ष घातलं आणि २७ फेब्रुवारी २०२३ला विमा नियामक आयआरडीएआयने परिपत्रक काढलं. दिव्यांगांसाठी पॉलिसी आणणं सर्व सामान्य आणि आरोग्य विमा कंपन्यांना बंधनकारक झालं. या गटातला कोणताही अर्ज नाकारला जाणार नाही असं धोरण ठेवायलाही सांगितलं. प्रत्यक्षात आजही एजंट फोनवर ‘नाही होणार हो ताई’ म्हणून मोकळा होतो. तिथे थांबू नका. रीतसर अर्ज भरा, नकार कारणासह लेखी मागा आणि तो घेऊन आयआरडीएआयच्या ‘बीमा भरोसा’ पोर्टलवर तक्रार करा. हप्ता जास्त लागू शकतो, प्रतीक्षा काळही असतो, म्हणजे सुरुवातीचा काही काळ आधीच्या आजारांचा खर्च मिळत नाही. तो भार अन्यायाचा वाटतो, मलाही वाटतो. पण महाग मिळणं आणि न मिळणं यांत फार अंतर आहे.

निरामयचं उत्तर छोटं आहे. राष्ट्रीय न्यासाच्या या योजनेला वयोमर्यादा नाही. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता यांसाठी ती आहे. आधी वैद्यकीय तपासणी नाही, थेरपीचाही खर्च मिळतो. मर्यादा वर्षाला १ लाख रुपये, आणि पैसे आधी खिशातून भरून मग बिलं पाठवायची. म्हणून ती दुसऱ्या विम्याच्या जोडीला ठेवावी.

मुदत ठेवीचा सल्ला मला सगळ्यात घातक वाटतो. ठेव जरूर असावी, पण हप्ता थांबवून नको. आधीपासूनच्या आजारांचा प्रतीक्षा काळ आता जास्तीत जास्त ३६ महिन्यांचा असतो. मूल वयामुळे फ्लोटरमधून बाहेर पडलं, तर त्याच्या नावाच्या वेगळ्या पॉलिसीत जाताना ही भरलेली वर्षं धरली जातात. पॉलिसी बंद पडू दिली, की ती गेली.

१८व्या वर्षी खरोखर बदलते ती सही: त्यानंतर मुलाच्या कागदांवर आईवडिलांची सही आपोआप चालत नाही. निरामयच्या याच चार प्रकारांतल्या सज्ञान मुलासाठी कायदेशीर पालकत्व लागणार असेल, तर जिल्हाधिकाऱ्यांच्या स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करावा लागतो. व्हीलचेअर वापरणाऱ्या किंवा अंध तरुणाला त्याची काहीच गरज नाही. तो स्वतःची सही स्वतः करतो, आणि तिथे आपण मध्ये पडू नये. दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र मात्र सगळ्यांनीच चालू ठेवावं, वर सांगितलेल्या बहुतेक सवलती त्यावरच उभ्या आहेत.

त्या दोन पालकांपैकी आईने नूतनीकरणाची तारीख उलटल्यावर अठराव्या दिवशी हप्ता भरला. वार्षिक हप्त्याला ३० दिवसांची सवलत असते, त्यात ती बसली. दुसरे बाबा भेटले तेव्हा सहा महिने होऊन गेले होते. त्यांनी नवा अर्ज भरलाय. मुलाचा प्रतीक्षा काळ पहिल्या दिवसापासून मोजला जाईल.