‘जंगल वाटून टाकलं’ म्हणणाऱ्यांनी पाचगावला जाऊन यावं

उन्हाळा आला की वणव्याच्या फोटोसकट एक मजकूर फिरू लागतो: ‘२००६च्या वनहक्क कायद्याने जंगल आदिवासींना वाटून टाकलं. आता ते कापून खातील. जंगल वाचवायचं तर ते वनखात्याच्याच ताब्यात हवं.’

वाटून टाकलं? आदिवासी कुटुंबाला वैयक्तिक हक्क मिळतो तो १३ डिसेंबर २००५च्या आधीपासून ताब्यात असलेल्या जमिनीवर, तोही जास्तीत जास्त चार हेक्टर. ती जमीन वारसाला जाते, विकता येत नाही. सामूहिक हक्कात तर कुणाला तुकडा मिळतच नाही. जंगल राखायचा आणि वापरायचा अधिकार ग्रामसभेला मिळतो, बस.

कापून खातील म्हणे. चंद्रपूर जिल्ह्यातल्या पाचगावला २०१२मध्ये सामूहिक हक्क मिळाला. ग्रामसभा बांबू विकते. पण तेंदूपत्ता, म्हणजे बिडीच्या पानांचा, भर उन्हाळ्यात हातात रोकड देणारा हंगाम, तिने स्वतःहून बंद केला. कोवळी पानं फुटावीत म्हणून तेंदूची झाडं छाटतात, खाली आग लावतात. मजकुरासोबतच्या फोटोतल्या वणव्याचं एक कारण हेच, आणि ते बंद केलं ते ‘कापून खाणाऱ्यांनी’.

गडचिरोलीतल्या मेंढा (लेखा) या गोंड गावाला २००९मध्ये सुमारे १८०० हेक्टरवर हक्क मिळाला. कायद्यात बांबू गौण वनोपज (इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणारं, गावाला विकता येणारं उत्पादन) असल्याचं स्पष्ट लिहिलेलं, तरी वनखातं तो बाहेर न्यायला वाहतूक परवाना देईना. शेवटी २७ एप्रिल २०११ला केंद्रीय मंत्री जयराम रमेश गावात आले आणि परवान्याचं पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिलं. त्याआधी याच भागातला बांबू वर्षानुवर्षं सरकारी परवानगीने कागद कारखान्याला जात होता. तेव्हा हा मजकूर कुणी लिहिला नाही.

राहिला ताबा. कायद्याचं कलम ५ ग्रामसभेवर वन्यजीव, जंगल आणि पाणी राखायची जबाबदारी टाकतं. वन्यजीव संरक्षण कायदाही रद्द झालेला नाही; हक्क मिळाला तरी शिकार गुन्हाच.

सगळ्या ग्रामसभा पाचगावसारख्या नाहीत, हे मान्य. कुठे हिशेब कच्चा असतो, कुठे ठेकेदार तेंदूचे पैसे थकवतो. मग जमाखर्च शिकवा, ठेकेदाराकडून आधी अनामत घ्या. त्यासाठी हक्क काढून घ्यायची काय गरज?