साडेसहाशे पोलीस आणि पाच वर्षं

आमच्या फॅमिली ग्रुपवर परत तोच वाद पेटलाय. साताऱ्याच्या आमच्या काकांना 'डिजिटल अरेस्ट'चा फोन आला, काका सावध म्हणून पैसे वाचले, आणि त्यावरून दादाने (थोरला चुलतभाऊ) भला मोठा मेसेज टाकला की हे सगळं डार्क वेबवरून (खास सॉफ्टवेअरशिवाय न उघडणाऱ्या लपलेल्या साइट्सवरून) चालतं, डार्क वेब सरळ बंद करून टाका, व्हीपीएन (इंटरनेटवरचा आपला पत्ता झाकणारी सेवा) वापरणाऱ्याला आत घाला, जर्मनीत बघा साडेसहाशे पोलीस एका रात्रीत बंकरमध्ये घुसले आणि विषय संपवला, आपल्याकडे नुसत्या चर्चा. खाली त्या बंकरच्या, म्हणजे सायबरबंकरच्या धाडीचा व्हिडिओ आणि त्याखाली सगळ्यांचे अंगठे.

मी त्या बंकरपासून गाडीने तासाभरावर राहते, कोब्लेन्झला. नोकरी सर्व्हर भाड्याने देणाऱ्या कंपनीत आहे, तीही अब्यूज डेस्कवर, म्हणजे आमच्या सर्व्हरवरून कुणी फिशिंग करत असेल, चोरलेला माल विकत असेल, तर त्याची तक्रार पहिली माझ्यासमोर येते. त्यामुळे ते 'एका रात्रीत' वाचून डोकं फिरलं. ग्रुपवर चार ओळी लिहिल्या तर "तू तिकडची, तुला इथलं काय कळणार" असं उत्तर आलं. म्हणून इथे सविस्तर लिहितेय.

त्राबेन-त्रारबाख हे मोझेल नदीकाठचं द्राक्षमळ्यांचं गाव. वर टेकडीवर जर्मन लष्कराचा जुना बंकर, पाच मजले जमिनीखाली, तिथे लष्कराचं हवामान बघणारं खातं बसायचं. ते गेलं, जागा रिकामी झाली, आणि २०१३ मध्ये हर्मन-योहान झेंट नावाच्या डच माणसाने ती विकत घेतली, सायबरबंकर नावाने सर्व्हर भाड्याने द्यायला. विकणारं कोण, तर सरकारच. आणि हा माणूस अनोळखी नव्हता, याआधी नेदरलँड्समध्ये एका नाटोच्या जुन्या बंकरात त्याने हाच धंदा केला होता आणि २००२ मध्ये तिथे आग लागली तेव्हा आत एमडीएमए हे ड्रग बनवायची लॅब सापडली होती. त्याची जाहिरातही उघड होती, बाललैंगिक साहित्य आणि दहशतवाद सोडून काहीही ठेवा, आम्ही विचारणार नाही. एके काळी पायरेट बे (फुकट सिनेमे-गाणी) आणि विकिलीक्स (फुटलेली सरकारी गुपितं) यांनीही त्याच्याकडे जागा घेतली होती. नंतर जमिनीखालच्या त्या मजल्यांवर जे राहायला आलं ते वेगळं होतं, वॉल स्ट्रीट मार्केट, कॅनाबिस रोड असे डार्क वेबवरचे बाजार, ड्रग्ज, खोटी कागदपत्रं, चोरलेला डेटा. नोव्हेंबर २०१६ मध्ये डॉइचे टेलिकॉमच्या जवळपास ९ लाख ग्राहकांचं नेट गेलं, त्या हल्ल्यामागचा कंट्रोल सर्व्हरही तिथलाच, असं सरकारी वकिलांनी नंतर कोर्टात मांडलं.

म्हणजे पत्ता सगळ्यांना माहीत होता. गेट होतं, कुंपण होतं, वीजबिल येत होतं. तरी पोलिसांना आत जायला जवळपास पाच वर्षांचा तपास लागला, आणि दादाच्या व्हिडिओत नेमका हाच भाग नाहीये. पाच वर्षं राज्याची गुन्हे शाखा आणि कोब्लेन्झचं सायबर सरकारी वकिलांचं ऑफिस त्या एका केसवर बसून होतं. बंकरमधून येणारा-जाणारा डेटा न्यायाधीशाच्या परवानगीने टॅप केला, एक पोलीस माळी बनून त्या आवारात काम करायला लागला, कोण येतो कोण जातो, किल्ली कुणाकडे, सर्व्हरचा पासवर्ड कुणाच्या डोक्यात. आणि मग २६ सप्टेंबर २०१९ च्या संध्याकाळी, टोळीतले लोक गावातल्या एका रेस्टॉरंटमध्ये जेवायला बसलेले असताना त्यांना तिथेच उचललं, कारण ते आत असते तर एका बटणात सगळं पुसलं असतं. साडेसहाशे पोलीस त्या संध्याकाळचे. पाच वर्षं राबणारे लोक व्हिडिओत दिसत नाहीत.

माझा सगळा राग या एका गोष्टीवर आहे.

ज्यांना वाटतं डार्क वेब म्हणजे कुठलीतरी हवेतली जागा, त्यांनी एवढं तरी समजून घ्यावं की टॉर (डार्क वेबवर जायचं सॉफ्टवेअर) पत्ता लपवतं, मशीन नाही लपवत. मशीन कुठेतरी रॅकमध्ये असतंच, त्याला वीज लागते, एसी लागतो, कुणीतरी महिन्याचं भाडं घेतं. बेकायदा होस्टिंगवर कारवाई म्हणजे त्या भाडं घेणाऱ्यापर्यंत पोचणं, आणि पोचल्यावर त्याला माहीत होतं हे सिद्ध करणं. दुसरी गोष्ट पहिलीपेक्षा कितीतरी अवघड. आपल्याकडे फ्लॅट भाड्याने दिला की पोलीस स्टेशनला भाडेकरूची माहिती द्यावी लागते, नाही दिली तर मालकावर केस होते. पण भाडेकरूने आत गांजा विकला म्हणून मालकाला गांजाविक्रीत धरायचं असेल तर त्याला ठाऊक होतं हे दाखवावंच लागेल ना? ट्रिअरच्या लांडगेरिश्टमध्ये (प्रादेशिक न्यायालयात) वर्षाहून जास्त काळ नेमका हाच प्रश्न चालला होता. ऑक्टोबर २०२० ला खटला सुरू झाला, आरोपी आठ, आरोप असा की २ लाख ४९ हजारांहून जास्त गुन्ह्यांना यांनी मदत केली. १३ डिसेंबर २०२१ ला निकाल आला. गुन्हेगारी संघटना चालवली म्हणून आठही जण दोषी, झेंटला ५ वर्षं ९ महिने. पण त्या लाखो गुन्ह्यांना मदत केल्याच्या आरोपातून सगळे सुटले, कारण प्रत्येक गुन्ह्याची त्यांना ठोस माहिती होती हे सिद्ध होत नव्हतं. सप्टेंबर २०२३ मध्ये कार्ल्सरूहच्या सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम ठेवला.

हे मी ग्रुपवर सांगितलं तेव्हा दादाचं उत्तर, "बघ, तिकडचं कोर्टपण आपल्यासारखंच मिळमिळीत." आणि वहिनीने लिहिलं, ज्यांची पोरं त्या ड्रग्जने गेली त्यांना विचार.

वहिनींच्या प्रश्नाला माझ्याकडे सोपं उत्तर नाही. निकाल वाचला तेव्हा मलाही ते लागलं होतं, एवढ्या मोठ्या बाजाराला छप्पर देणाऱ्याला पावणेसहा वर्षं. पण मी त्या डेस्कवर बसते. आमच्याकडे हजारो गिऱ्हाईकं आहेत, त्यातला कोण रात्रीत काय अपलोड करतो हे मला तक्रार आल्याशिवाय कळत नाही आणि कळायलाही नको, कारण त्यातच कुणाचे दवाखान्याचे रिपोर्ट आहेत, कुणाच्या वकिलाची फाईल आहे. तक्रार आली की मी बघते, खरी असेल तर सर्व्हर बंद करते, पोलिसांचं पत्र आलं की केस नंबर बघून जेवढं कायद्याने मागितलंय तेवढं देते. सायबरबंकरने हे मुद्दाम केलं नाही, तक्रार आली तर गिऱ्हाइकालाच सावध केलं, आणि कोर्टाने त्यांना धरलं ते यासाठीच. ही रेघ पुसली की माझ्यासारखी प्रत्येक पगारी बाई आरोपी. कायदा कमी पडतोय असं वाटलं तेव्हा इथल्या संसदेने फौजदारी कायद्यात नवं कलम १२७ आणलं, गुन्हेगारी बाजार चालवणं हाच वेगळा गुन्हा, ऑक्टोबर २०२१ पासून लागू. जुन्या आरोपींना ते लावता आलं नाही आणि कुणी लावायचा प्रयत्नही केला नाही.

आणि त्या पाच वर्षांचं पीक पुढेही येत राहिलं. बंकरमधल्या सर्व्हरवरच्या डेटातून डार्कमार्केटचा माग लागला, जवळपास ५ लाख युजर असलेला बाजार, जानेवारी २०२१ मध्ये बंद पाडला, त्याचे सर्व्हर मोल्दोव्हा आणि युक्रेनमध्ये निघाले. पासवर्ड, नोंदी, हिशेब जसेच्या तसे हाती आले म्हणून हे झालं. नुसती वायर कापली असती तर दुसऱ्या दिवशी तोच बाजार तिसऱ्या देशात उघडला असता.

आता आपल्याकडचं. २८ एप्रिल २०२२ ला सर्ट-इनने (केंद्र सरकारची सायबर सुरक्षा संस्था) आदेश काढला की व्हीपीएनवाले, व्हीपीएसवाले (आभासी सर्व्हर भाड्याने देणारे), डेटा सेंटरवाले, सगळ्यांनी गिऱ्हाइकाचं नाव, पत्ता, आयपी (इंटरनेटवरचा पत्ता) पाच वर्षं जपून ठेवायचं. दादाच्या मते हेच खरं पाऊल, आणि अजून कडक हवं. काय झालं? एक्सप्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर उचलले आणि बाहेर नेले, एक्सप्रेसव्हीपीएन तर सिंगापूर आणि ब्रिटनमधून भारतीय आयपी द्यायला लागलं. म्हणजे लपणारा लपतोच आहे, फक्त आता तो आपल्या पोलिसांच्या हाताबाहेरच्या मशीनवर लपतोय, आणि नोंद झाली ती पुण्यातल्या एखाद्या प्रामाणिक स्टार्टअपची. जर्मनीतही सगळ्यांचा डेटा सरसकट साठवायचा कायदा आणला होता, २०१० मध्ये घटनान्यायालयाने रद्द केला, परत आणला तर सप्टेंबर २०२२ मध्ये युरोपच्या न्यायालयाने सांगितलं सरसकट साठवणूक चालणार नाही. बंकर पडला तो अशा साठवलेल्या डेटाशिवाय पडला. आता इथलं सरकार आयपी अॅड्रेस तीन महिने ठेवायचं म्हणतंय आणि त्यालाही माझा विरोधच आहे, हे दादा सोयीने विसरतो.

पण "आपल्या पोलिसांना सायबरमधलं काही कळत नाही" म्हणणाऱ्या भाच्यांचाही मला तेवढाच राग येतो. ऑगस्ट २०१८ मध्ये पुण्याच्या कॉसमॉस बँकेचे ९४ कोटी गेले, खोट्या कार्डांनी जगभर एटीएममधून पैसे निघाले, आपल्या कोल्हापुरातनंसुद्धा. पुणे पोलिसांनी सीसीटीव्ही बघत बघत, एटीएमच्या नोंदी जुळवत माणसं शोधली आणि एप्रिल २०२३ मध्ये ११ जणांना शिक्षा झाली. जून २०२३ मध्ये एनसीबीने (केंद्राचा अमली पदार्थविरोधी विभाग) डार्कनेटवरून विकल्या जाणाऱ्या एलएसडी या ड्रगचे जवळपास १५ हजार ब्लॉट (ड्रग लावलेले कागदाचे तुकडे) पकडले. ही कामं बंदी घालून झाली नाहीत, एकेक माणूस, एकेक पार्सल पकडत झाली. माळी बनून झाडं छाटणाऱ्या त्या पोलिसाचं आणि एटीएमची फुटेज बघणाऱ्या पुण्याच्या हवालदाराचं काम एकाच जातीचं आहे, आणि मला दोघांचाही अभिमान आहे.

ऑफिसमध्ये कुणी कॉल सेंटरवाल्या फसवणुकीवरून "इंडिया" म्हणून तोंड वाकडं केलं की मी हेच कॉसमॉसचं उदाहरण देते, आवाज चढतो माझा, आणि वर त्यांना ऐकवते की तुमच्या सरकारने तर बंकरच विकला होता. आणि ग्रुपवर तोच बंकर मी आमचा बंकर असल्यासारखी मिरवते, आमचं कोर्ट, आमचा कायदा. परवा आईने फोनवर विचारलं, "आमचं म्हणजे कुणाचं गं?" मी विषय बदलला. खरं सांगायचं तर दोन्हीकडच्या कायद्यावर मी तावातावाने बोलते आणि मत कुठेच देत नाही. इथे पासपोर्ट भारतीय म्हणून महापौरही निवडता येत नाही, तिकडे यादीत नाव घातलं तरी मतदानाला स्वतः साताऱ्यात उभं राहावं लागतं आणि त्या वेळी कधी सुट्टी नसते कधी तिकीट परवडत नाही. आन्मेल्डुंग (राहत्या पत्त्याची नोंदणी), टॅक्स, कचऱ्याचे चार डबे, सगळं वेळेवर करते, पण ज्या संसदेने कलम १२७ आणलं तिला मी निवडलेलं नाही, आणि ज्या सरकारने सर्ट-इनचा आदेश काढला त्यालाही नाही. दादा निदान रांगेत उभा राहतो.

शिवाय इथे मला पोलिसांच्या पत्राची भीती वाटत नाही ती मी फार शूर आहे म्हणून नाही. पत्रावर केस नंबर असतो, कलम असतं, नकार द्यायची सोय असते. साताऱ्यात बाबांच्या दुकानात साधा हवालदार आला तरी आम्ही पोरं आत पळायचो. दादाला अजून कडक कायदा हवाय कारण तो कायदा आपल्यावर कधी उलटेल असं त्याला वाटत नाही. मला वाटतं, आणि ते लांब राहून वाटतं म्हणून खोटं ठरत नाही.

दादा शेवटी म्हणाला, बंदी नको तर काय हवं ते सांग. हवं ते असं. सायबरची एक टीम, पोलीस आणि सरकारी वकील एकत्र बसणारे, आणि पाच वर्षं त्यातल्या कुणाची बदली नाही. आपल्याकडे सायबर सेलमधला माणूस कामात मुरतो न मुरतो तोवर त्याची दुसऱ्या ठाण्यात बदली होते, कधी बंदोबस्ताला जातो, आणि त्याच्या केसची फाईल नवा येणारा पहिल्या पानापासून वाचायला घेतो. कोब्लेन्झच्या त्या वकिलांना मध्येच हलवलं असतं तर बंकर अजून चालू असता. काकांना आलेल्या फोनची तक्रार १९३० या सायबर हेल्पलाइनवर नोंदवलीये, पुढे स्थानिक ठाण्याकडे जाईल. ती फाईल वर्षभर एकाच माणसाच्या टेबलावर राहावी एवढ्यासाठी दादाने आमदाराकडे जावं, तो मत देतो, त्याचं ऐकतील. पत्राचा मसुदा मी लिहून पाठवलाय.