‘रणगाड्या’च्या पोटातला गंज

गेल्या महिन्यात दादरच्या मामांनी फॅमिली ग्रुपवर एक फॉरवर्ड टाकला. सोबत १९५७ च्या शेवर्ले बेल एअरचा फोटो: आकाशी रंग, पांढरं छप्पर, मागे माशाच्या परांसारखे दोन फिन. मजकूर थोडक्यात असा: ‘ही खरी गाडी. अस्सल जाड पोलाद, आजच्यासारखा पत्र्याचा डबा नाही. टक्कर झाली तर समोरच्याचा चुरा, हिला ओरखडा. गंज ठाऊक नाही. एक पाना, एक पेचकस, झाली दुरुस्ती. क्युबात आजही मूळ इंजिनावर धावतात. भंगारातून उचला, रंग मारा, सोन्याच्या भावाने विका.’ त्या आठवड्यात हाच मजकूर मला आणखी तीन ग्रुपांवर आला.

मी मिशिगनमध्ये राहतो. गेली पाच वर्षं माझे बहुतेक शनिवार शेजाऱ्याच्या गॅरेजात नेमक्या याच मॉडेलखाली उताणं पडून जातात. गाडी त्याची, हौस दोघांची. त्यामुळे मामांना नुसतं अंगठ्याचं चित्र पाठवून सुटणं मला जमलं नाही.

आधी ओरखड्याचं बघू. बाकीच्या चुकांनी पैसे जातात, या चुकीने माणूस जाईल.

२००९ साली अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या महामार्ग सुरक्षा संस्थेला पन्नास वर्षं झाली. त्यानिमित्त त्यांनी १९५९ ची बेल एअर आणि २००९ ची शेवर्ले मालिबू समोरासमोर धडकवली. दोन्ही गाड्या ताशी ६४ किलोमीटरवर, ड्रायव्हरच्या बाजूने तोंडावर तोंड. वजनात फार फरक नव्हता, उलट जुनी थोडी जडच. मालिबूत माणसाऐवजी बसवलेल्या पुतळ्याच्या डाव्या पायाला किरकोळ दुखापत होईल एवढंच नोंदलं गेलं. बेल एअरची काच अख्खी निखळली, ड्रायव्हरचं दार उघडलं, सीट जमिनीतून उपटून निघाली. स्टिअरिंग वर आणि मागे सरकलं आणि पुतळ्याचं डोकं आधी त्यावर, मग छपरावर आणि डॅशबोर्डच्या उघड्या पत्र्यावर आपटलं. खरा माणूस असता तर वाचला नसता.

यावर दोन आक्षेप नेहमी येतात. पहिला, ‘त्यांनी इंजिन काढून ठेवलं होतं’. काढलं नव्हतं, ३.९ लिटरचं सहा सिलिंडरचं इंजिन जागेवर होतं. दुसरा आक्षेप जाणकारांचा आहे आणि तो मी निम्मा मान्य करतो. १९५८ पासून शेवर्लेने मोठ्या गाड्यांना इंग्रजी एक्स अक्षरासारखी चासी दिली. तिला दारांखाली लांब दांडेच नव्हते, त्यामुळे अशा धडकेत ती कच्ची पडते. मामांच्या फोटोतली ५७ त्या आधीची, तिच्या चासीला बाजूचे दांडे आहेत. पण स्टिअरिंगचा ताठ दांडा ५७ मध्येही ड्रायव्हरच्या छातीवर रोखलेला आहे. सीटचे पट्टे कारखान्यातून सरसकट येत नव्हते. चारही चाकांना ड्रम ब्रेक आणि ब्रेक ऑइलची लाइन एकच, म्हणजे एका चाकाशी गळती झाली की चारही गेले. आमच्या मागच्या एका चाकाचं ब्रेक सिलिंडर गळलं ते सुदैवाने घराच्या उतारावर. पेडल थेट जमिनीला टेकलं आणि गाडी कचऱ्याच्या पिंपाने थांबवली.

त्या काळात अमेरिकेत दर दहा कोटी मैल प्रवासामागे पाचाहून जास्त माणसं मरत. आता हा आकडा सव्वाच्या आसपास आहे. सगळं श्रेय गाडीला नाही. रस्ते सुधारले, इस्पितळं सुधारली. पण धडकेनंतर गाडी शाबूत दिसणं ही आतल्या माणसासाठी आनंदाची बातमी नसते, एवढं मामांनी लक्षात घ्यावं.

आता गंज. इथे मी जरा रेंगाळणार आहे, कारण माझे गुडघे याच कामात गेले.

पत्रा जाड होता हे खरं. बाहेरचा पत्रा साधारण मिलिमीटरभर, आजचा पाऊण. पण गंजाला जाडी नाही, फट लागते. १९५० च्या दशकातल्या गाडीचा पत्रा जस्ताचा थर नसलेला, साधा काळा. आज अख्खी बॉडी प्रायमरच्या हौदात बुडवून विजेच्या जोरावर कानाकोपऱ्यात थर बसवतात. ती पद्धत गाड्यांच्या कारखान्यांत आली साठीच्या दशकात. ५७ च्या बॉडीत जिथे दोन पत्रे एकमेकांवर बसले, तिथे आतून उघडं लोखंड. हेडलाइटच्या वरच्या भुवईत चाकाने उडवलेला चिखल साचतो. दाराखालचा उंबरा आतून पोकळ, त्यात शिरलेलं पाणी बाहेर यायला तयार नसतं. काचेखालच्या जाळीतून पानं आत जातात आणि तिथेच कुजतात. त्यात मिशिगन, जिथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ पसरतात!

शेजाऱ्याने गाडी आणली तेव्हा बाहेरून रंग बरा होता. लोहचुंबक फडक्यात गुंडाळून उंबऱ्यावर फिरवलं आणि ते कुठेच चिकटेना. आधीच्या कुणीतरी भोकांत जाळी कोंबून वर बोटभर पुट्टी थापली होती. ती खरवडल्यावर उंबरा असा उरलाच नाही. ड्रायव्हरच्या पायाखालचा गालिचा उचलला तर गॅरेजची जमीन दिसली. त्यापुढची दीड वर्षं आम्ही रंगाचं नाव काढलं नाही. कापायचं, नवा पत्रा ठोकून आकार द्यायचा, जागोजागी टिपके देत वेल्डिंग करायचं, तापून वाकडं होऊ नये म्हणून थांबायचं, पुन्हा टिपके. कापाकापीआधी बॉडीला आतून आडव्या पट्ट्या मारून ठेवाव्या लागतात, नाहीतर उंबरा कापल्यावर अख्खी बॉडी मधोमध लवते आणि दार पुन्हा कधी लागत नाही. आणि छपराच्या सांध्यात कारखान्यानेच शिसं भरलेलं असतं. ते घासताना तोंडाला साधा रुमाल बांधणाऱ्यांचे व्हिडिओ पाहिले की मला घाम फुटतो.

‘गंज ठाऊक नाही’ म्हणणाऱ्यांसाठी याहून मोठा दाखला ओक्लाहोमातल्या टल्सा शहराचा. राज्याला पन्नास वर्षं झाली म्हणून १५ जून १९५७ ला तिथल्या कोर्टाच्या आवारात प्लिमथ बेल्व्हेडिअर ही एक कोरी करकरीत गाडी पुरली. काँक्रीटची कोठी अणुहल्ल्यातही टिकेल अशी, असं तेव्हा सांगितलं जात होतं. २००७ मध्ये कोठी उघडायची होती, तेव्हा पेट्रोलवर चालणाऱ्या गाड्या असतील-नसतील म्हणून सोबत पेट्रोलही ठेवलं. शिवाय बिअर आणि बायकांच्या पर्समध्ये असतं ते सगळं किडूकमिडूक. २००७ साली टल्साची लोकसंख्या किती असेल याचा सगळ्यात जवळचा अंदाज करणाऱ्याला ती गाडी मिळायची होती. पन्नास वर्षांनी कोठी उघडली तर आत पाणी. गाडी म्हणजे गाडीच्या आकाराचा तांबडा चिखल. ज्याचा अंदाज जवळचा ठरला तो गृहस्थ तोवर वारलेला. पुढे ती नाजूकपणे साफ करून इलिनॉयमधल्या एका संग्रहालयात गेली, पण ‘चालू’ कधीच झाली नाही. ही गाडी रस्त्यावर जवळजवळ घासलीच नव्हती. (टल्साकरांनी १९९८ मध्ये दुसरी गाडी ठेवली, प्लिमथ प्राउलर. ती जमिनीच्या वर.)

टल्साचा दोष पाण्याचा, हे कबूल. पण १९५७ च्या प्लिमथ आणि तिच्या क्रायस्लर कंपनीतल्या बहिणी कोरड्या जागीही लवकर गंजत, सांध्यांतून गळत, पुढच्या चाकांना स्प्रिंगसारखं तोलणाऱ्या टॉर्शन बार मोडत. डिझायनर व्हर्जिल एक्स्नरचं ते देखणं रूप घाईघाईने बाजारात आणलं होतं आणि गिऱ्हाइकांनी तेव्हाच बोंब मारली होती. आज आपण पाहतो त्या उरलेल्या. ज्या सडल्या त्यांचे फोटो कुणी फॉरवर्ड करत नाही.

पाना-पेचकसाचा मुद्दा मात्र अर्धा बरोबर आहे, आणि तोच या गाड्यांचा खरा मोह आहे. बॉनेट उघडलं की इंजिनाच्या बाजूला अख्खा माणूस उभा राहील एवढी जागा. कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर, पंखा, सगळं डोळ्यांसमोर. बिघाड कानाने ओळखता येतो. पण दुरुस्ती सोपी होती ती वारंवार करावी लागे म्हणून. चासीला दर हजार मैलांनी ग्रीस. १९५५ मध्ये आलेल्या शेवर्लेच्या गाजलेल्या व्ही-८, म्हणजे आठ सिलिंडरांच्या इंजिनाला पहिल्या वर्षी ऑइल फिल्टरसुद्धा मूळ किमतीत नव्हता, वेगळे पैसे मोजून घ्यावा लागे. मैल मोजणाऱ्या काट्यावर पूर्ण मैलांचे पाचच आकडे, एक लाखाला पुन्हा शून्य. तिथवर पोचेतो इंजिन उघडायची वेळ बहुधा आलेली असे. आज दीड लाख मैल चाललेल्या गाडीला इथे कुणी म्हातारी म्हणत नाही.

पेट्रोलचंही तेच. ती इंजिनं शिसंमिश्रित पेट्रोलची सवय असलेली. शिसं गेलं, आता इथल्या पेट्रोलमध्ये दहा टक्के इथेनॉल असतं, भारतात वीस. जुने रबरी पाइप त्याने फुगतात, तडकतात. पाइप बदलले, इंजिनाचं हेड उघडलं तेव्हा शिशाविना झिजणाऱ्या व्हॉल्व्हच्या बैठकाही टणक बसवून घेतल्या, विषय संपला.

क्युबाबद्दल. हवानात त्या गाड्या धावतात हे खरं, ‘मूळ इंजिनावर’ हे बहुतेक वेळा खोटं. १९६२ मध्ये अमेरिकेचा व्यापारबंदीचा आदेश पूर्ण लागू झाला आणि सुटे भाग यायचे बंद झाले. तिथे या गाड्यांना ‘अल्मेंद्रोन’ म्हणतात, म्हणजे थोरला बदाम. बॉनेट उचललं तर आत कुठल्यातरी व्हॅनचं डिझेल इंजिन, सोव्हिएत गाडीचे ब्रेक, आणि लेथवर स्वतः कातलेले भाग. टॅक्सीचा धंदा करायचा तर आठ सिलिंडरांना पेट्रोल पाजणं परवडणार कुणाला? त्या गाड्या टिकल्या नाहीत, मामा, टिकवल्या. आणि त्यासाठी तिथल्या मेकॅनिकांनी ‘मूळ’ या शब्दाची पर्वा केली नाही, म्हणूनच टिकवता आल्या. फॉरवर्ड मात्र सगळं श्रेय डेट्रॉइटच्या पोलादाला देऊन मोकळा.

राहिला सोन्याचा भाव. लिलावात डोळे पांढरे करणाऱ्या किमती येतात त्या बहुधा उघड्या छपराच्या ५७ ला. तशा गाड्या बनल्याच ४७ हजारांच्या आसपास. चार दारांची बेल एअर सेडान बनली अडीच लाखांवर, आणि भंगारात सापडते ती बहुधा हीच. दोन्हींना उंबरा तोच, रंग तोच, क्रोमचा खर्च तोच. विकताना मात्र चार दारांना त्या किमतीचा लहानसा तुकडा मिळतो. पूर्ण कामाचे हजार तास सहज होतात. इथे तासाला शंभर डॉलर हा दर आता नवलाचा नाही. गुणाकार मामांनीच करावा, ते बँकेत होते.

क्रोमबद्दल एक रडगाणं गातोच. बंपरला तांबं, निकेल, मग क्रोम असे थर चढवतात. पोलादी बंपर सुंदर झाले. पण हेडलाइटभोवतीच्या कड्या जस्ताच्या मिश्रधातूच्या, त्यांना आतून फोड येतात. एका प्लेटिंगवाल्याने त्या इतक्या घासल्या की कडेच्या रेषाच पुसल्या, आणि वर बिल पूर्ण लावलं. ५७ चं एक बरं, ती इतकी लाडकी की जवळजवळ प्रत्येक भाग, अगदी अख्खी नवी बॉडीसुद्धा, आजही तयार मिळते. त्याच वर्षाच्या प्लिमथवाल्याने काय करावं? भंगारवाले धुंडाळावेत.

याच सोयीमुळे खोट्या गाड्याही बनतात. दाराच्या चौकटीवरच्या पट्टीवर नंबर ‘व्हीसी५७’ने सुरू झाला तर ती बेल एअर व्ही-८ घेऊनच कारखान्यातून निघाली. पुढचा ‘एफ’ म्हणजे फ्लिंटचा कारखाना. सुरुवातीचा ‘व्ही’ नसेल तर विकणारा काहीही सांगो, आत जन्मतः सहा सिलिंडर होते.

मामांनी नंतर वेगळा मेसेज केला: ‘अरे, आमच्या लहानपणी मुंबईत अशा शेवर्ले किती होत्या!’ होत्या, पण त्या बहुतेक जुन्या घाटाच्या. जनरल मोटर्सचा शिवडीचा कारखाना १९२८ ला सुरू झाला आणि १९५४ मध्ये बंद पडला, म्हणजे ५७ ची बेल एअर तिथे जोडली गेलेलीच नाही. वालचंद हिराचंदांच्या प्रीमियर कंपनीने कुर्ल्यात जोडल्या त्या क्रायस्लर घराण्यातल्या डॉज आणि प्लिमथ. त्यातली एखादी अजून कुणाच्या वाड्यात झाकून ठेवलेली असेल, तर ‘रंग मारा’वाल्यांनी आधी २०२१ चे नियम बघावेत. पन्नास वर्षांवरच्या गाडीला ‘व्हीए’ अक्षरांची व्हिंटेज नोंदणी मिळते. पण चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरबदल केलेला चालत नाही, आणि गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही. डिझेल इंजिन बसवण्याचा हवाना मार्ग तिथेच बंद.

हे सगळं मी ग्रुपवर तुकड्या-तुकड्यांनी लिहिलं. मावशीने हात जोडल्याचं चित्र टाकलं. मामांनी रात्री फोन केला. म्हणाले, ‘एवढी जर ती गंजकी, जीवघेणी आणि तोट्यातली, तर तू दर शनिवारी तिथे काय करतोस रे?’

मागच्या शनिवारी काय केलं ते सांगितलं. ५७ ला पेट्रोलचं झाकण दिसत नाही, ते डाव्या फिनच्या क्रोमच्या पट्टीमागे लपवलेलं असतं. बोटाने ओढलं की पट्टी दारासारखी उघडते. ती आम्ही बसवत होतो. चार तास गेले. बिजागरीखाली तीनदा चकती बदलली, तरी वरचं टोक अजून केसभर पुढे येतं.

‘मग?’ मामा म्हणाले.

‘या शनिवारी पुन्हा काढणार.’