खून नको, खोटी सही घ्या: एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. इंग्लंडमधल्या रीजन्सी काळातल्या (1811 ते 1820) सोज्वळ प्रेमकथेत रहस्याचं उपकथानक कसं गुंफावं, या लेखावर तुम्ही मनापासून टीका केलीत. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: एकटीनं घराबाहेर न पडणारी नायिका तपास करूच शकत नाही, स्पर्शाचीही बंदी असलेल्या कथेत ताण येत नाही, आणि रहस्य प्रेमकथेची पानं खातं. तिन्ही आक्षेप अनेक कादंबऱ्यांना लागू पडतात. पण दोष त्या काळच्या बंधनांचा नाही, गुन्हा चुकीचा निवडल्याचा आहे.

अंधाऱ्या गल्लीतला खून घेतलात की नायिकेला मध्यरात्री खिडकीतून उतरवावं लागतं. तशी ती कुणाला दिसली, तर दुसऱ्या दिवसापासून तिला कुठल्या दिवाणखान्यात थारा नाही. लेखक तो परिणाम विसरतो आणि तिथेच 1811 ते 1820 चं इंग्लंड हातातून निसटतं. त्याऐवजी कागदावरचा गुन्हा घ्या. वडिलांनी मुलीच्या नावे 10,000 पौंडांचे तीन टक्क्यांचे सरकारी रोखे ठेवलेत, वर्षाला 300 पौंड येतात. विश्वस्त दोन. एक काका, तोच तिचा पालक. दुसरा मामा, हिंदुस्थानात फौजेत. काकानं रोखे गुपचूप विकलेत आणि व्याजाचे 300 पौंड तो पदरचे भरतोय. लग्न ठरलं की वकील मुद्दल मागणार, म्हणून प्रत्येक स्थळ तो मोडतो. एकविसाव्या वर्षापर्यंत परवान्यावर, म्हणजे चर्चमध्ये नावं जाहीर न करता, लग्न करायचं तर पालकाची संमती हवी, तीही त्याच्याच हातात. आता रहस्य उलगडल्याशिवाय प्रेमकथा पुढे सरकतच नाही, त्यामुळे पानं कुणी कुणाची खात नाही. हे कल्पनेपुरतंही नाही. हेन्री फॉन्टलरॉय या लंडनच्या बँकरनं ग्राहकांच्या खोट्या सह्या करून रोखे विकले, व्याज मात्र नियमित देत राहिला, आणि 1824 मध्ये फासावर गेला.

इथे एक चूक फार होते. विश्वस्तानं पैसे खाल्ले म्हणून त्याला अटक झालेली दाखवतात. 1857 पर्यंत तो फौजदारी गुन्हाच नव्हता. चॅन्सरी कोर्टात, म्हणजे विश्वस्तांविरुद्धचे दिवाणी दावे चालत तिथे, वर्षानुवर्षं दावा चालवायचा, बस. खोट्या सहीला मात्र फाशी. म्हणून रोखे विकताना काकानं दुसऱ्या विश्वस्ताची, म्हणजे मामाची, सही खोटी केलेली हवी. पुण्याहून सही होऊन आलेलं मुखत्यारपत्र, तारीख डिसेंबर 1817 ची. पण मामा खडकीच्या लढाईनंतर (5 नोव्हेंबर 1817) काही दिवसांतच छावणीत तापानं गेलेला. केप ऑफ गुड होपला वळसा घालून ही बातमी यायला महिनोन्महिने लागतात, तेवढ्यात काकानं मेलेल्या माणसाची सही वापरलेली असते. पलटणीतून सांत्वनाचं पत्र येतं ते नायिकेच्याच घरी. खिडकीतून उतरायची गरज काय? (खडकीच्या दुसऱ्याच पहाटे युवराजाची एकुलती मुलगी, राजकन्या शार्लट बाळंतपणात वारली आणि इंग्लंडभर दुखवटा पाळला गेला. म्हणून त्या नोव्हेंबरात नाचाचा प्रसंग टाकू नका, 1818 चा वसंत धरा.)

दुसरा सुगावाही टपालाचाच असू द्या. तेव्हा पत्राचे पैसे घेणारा भरायचा. बाथ शहराहून लंडनला एका कागदाचे 9 पेन्स, दोन कागदांचे दुप्पट, म्हणून लिफाफा न वापरता कागदच दुमडून लाखेनं बंद करत. खासदाराचं पत्र फुकट जाई, पण त्यानं पूर्ण पत्ता, गाव आणि तारीख स्वतःच्या हातानं लिहायला हवी, शिवाय त्या दिवशी किंवा आदल्या दिवशी पत्र टाकलं त्या टपाल कचेरीच्या गावापासून तो 20 मैलांच्या आत हवा. काका खासदार आहे. न्याहारीच्या टेबलावर त्याचं बाथहून आलेलं पत्र पडलंय, आणि त्याच तारखेला नायकानं त्याला लंडनच्या बँकेच्या दारात पाहिलंय. मात्र मित्रांसाठी असे पत्ते आगाऊ लिहून देणारे खासदार पुष्कळ होते, त्यामुळे काकाकडे बचाव तयार असतो. एवढ्यावर त्याला पकडू नका.

ताणाचं म्हणाल, तर अर्धी माहिती तिच्याकडे, अर्धी त्याच्याकडे, आणि लग्न ठरलेलं नसताना एकमेकांना पत्र लिहिणं अशोभनीय. उरतो नाच. एका संध्याकाळी एकाच जोडीदारासोबत दोनदा, प्रत्येक वेळी साधारण अर्धा तास. कंट्री डान्समध्ये, म्हणजे समोरासमोरच्या दोन रांगांच्या नाचात, पाळी येईपर्यंत रांगेत उभं राहावं लागतं, तेव्हा बोलता येतं, पण शेजारच्या जोडीचे कान हातभर अंतरावर. त्या पत्राची तारीख सांगायच्या ऐन क्षणी नाचाची आकृती बदलते, दोघं लांब जातात. हातात हातमोजे, नजर पाठराखिणीवर, आणि अर्धं राहिलेलं वाक्य. याहून जास्त स्पर्श कशाला हवा? 80,000 शब्दांच्या कादंबरीत नायक-नायिकेपैकी कुणीच नाही असे तपासाचे प्रसंग दोनाच्या वर जाऊ देऊ नका.

शेवटाला पोलीस आणू नका. लंडनचं पोलीस दल 1829 चं. लंडनच्या बो स्ट्रीट न्यायालयाचा तपासनीस दिवसाला एक गिनी अधिक खर्च घेऊन येईल, पण खटला फिर्यादीनंच स्वतःच्या खर्चानं चालवायचा. म्हणजे सख्ख्या काकाला फासावर चढवायचं की पैसा सोडायचा, हे नायिकेनं ठरवायचं. मुद्दल गेल्याचं कळल्यावर, आणि ते परत मिळेल की नाही हे ठरण्याआधी, नायकानं मागणी घालावी. मग परवाना नको, चर्चमधला पुकारा घ्या. सलग तीन रविवार नावं वाचली जातात. अल्पवयीन मुलीच्या पालकानं भर चर्चमध्ये उभं राहून हरकत घेतली, तर पुकारा रद्द. खोट्या सहीचं मुखत्यारपत्र नायिकेच्या हाती लागलंय हे काकाला माहीत आहे. तिसऱ्या रविवारी तो उठतो की बसून राहतो, तिथे तुमचं सगळं प्रकरण येऊन थांबलं पाहिजे.