'अभ्यास वाढवा ताई' : एका प्रतिक्रियेला जरा लांबलेलं उत्तर

मागची पोस्ट ज्यांनी वाचली नाही त्यांच्यासाठी दोन ओळींत. इथे सदर्न कॅलिफोर्नियातल्या काही शहरांत असा नियम आहे की मोटेलमध्ये (म्हणजे रस्त्याकडेचं स्वस्त हॉटेल) एका पाहुण्याला सलग २८ दिवस (कुठे ३०) याच्या वर ठेवायचं नाही, ठेवलं तर मालकाला दंड आणि परवान्यावर गदा. मी म्हटलं होतं की या नियमाने माणसं कमी होत नाहीत, फक्त एका मोटेलातून दुसऱ्यात जातात. त्यावर 'स्पष्टवक्ता' नावाने आलेली प्रतिक्रिया जशीच्या तशी देते :

"अभ्यास वाढवा ताई. मोटेल ही रात्र काढायची जागा आहे, ज्याला महिन्याच्या वर राहायचंय त्याने सरळ अपार्टमेंट घ्यावं. हे नियम गुन्हेगारी रोखायला आहेत. शहराला पाहुण्यांचं रजिस्टर बघायचा हक्क आहेच, काही लपवायचं नसेल तर भीती कसली? तुमचा लेख म्हणजे पटेलांची वकिली. सोलापूरच्या लॉजचे अनुभव अमेरिकेला लावू नका." (पटेल म्हणजे इथले गुजराती मोटेलमालक.)

तर स्पष्टवक्तेसाहेब, नमस्कार. मतभेदाबद्दल माझी काहीच तक्रार नाही, या ब्लॉगवर तुमच्यापेक्षा चिडलेली माणसं येऊन गेलीत, पण त्यांनी निदान स्वतःचं नाव लिहिलं होतं. टोपणनावाने येऊन, सहा वाक्यं टाकून, त्यात एकही आकडा, एकही कायदा, इथल्या एकाही शहराचं नाव न देता दुसऱ्याला 'अभ्यास वाढवा' सांगायचं याला आमच्याकडे काय म्हणतात ते मी इथे लिहीत नाही कारण हा ब्लॉग माझी सासूबाईपण वाचतात. आणि सोलापूरच्या लॉजबद्दल मी त्या लेखात एक अक्षरही लिहिलं नव्हतं, माझ्या ओळखीत गाव सोलापूर दिलंय ते बघून तुम्ही टोमणा मारलात. म्हणजे लेखापेक्षा माझी ओळख जास्त बारकाईने वाचलीत, त्याबद्दल आभार.

एक गोष्ट मान्य. सगळे मोटेलवाले संत नाहीत. चादरी न बदलणारे आहेत, ढेकूण झाले तरी खोली देणारे आहेत, कोणी अडचणीत आहे म्हटल्यावर आठवड्याचा रेट चढवणारे पण मी डोळ्यांनी पाहिलेत. हे मी लेखात दोनच ओळींत उरकलं, जरा जास्त लिहायला हवं होतं. झालं?

आता तुमचं ते मुख्य वाक्य, 'महिन्याच्या वर राहायचंय तर सरळ अपार्टमेंट घ्यावं'. किती सोप्पं हो! सरळ घ्यावं. तुम्ही इथे अपार्टमेंट घेतलंय का कधी, की कंपनीच्या रिलोकेशनवाल्या बाईने चावी हातात आणून दिली? कारण ज्याने स्वतः फॉर्म भरलाय त्याच्या तोंडून हे 'सरळ' येणारच नाही. क्रेडिट स्कोअर दाखवा, भाड्याच्या तिप्पट पगार दाखवा, मागच्या पे-स्टब (पगाराच्या पावत्या) दाखवा, आधीच्या घरमालकाचा रेफरन्स द्या, बारा महिन्यांच्या लीजवर सही करा, आणि वर डिपॉझिट. हे डिपॉझिट कॅलिफोर्नियात अगदी परवापर्यंत दोन महिन्यांच्या भाड्याइतकं मागायला कायद्याने मुभा होती, जुलै २०२४ पासून बहुतेक घरमालकांना एकाच महिन्याचं घेता येतं. ज्याच्या हातात आठवड्याच्या आठवड्याला पैसे येतात तो हे सगळं एकदम कुठून आणणार? आठवड्याचं मोटेल महिन्याच्या हिशोबाने अपार्टमेंटपेक्षा महाग पडतं हे त्याला तुमच्यापेक्षा चांगलं कळतं, पण मोटेलवाला क्रेडिट स्कोअर विचारत नाही, पुढच्या आठवड्याचे पैसे विचारतो.

आणि हे 'ते लोक' म्हणून सोडून देऊ नका. आम्ही अमेरिकेत नवे आलो तेव्हा नवऱ्याचं कॉन्ट्रॅक्ट तीन-तीन महिन्यांनी वाढणारं, कन्सल्टन्सीने दिलेल्या गेस्टहाऊसची मुदत संपली, क्रेडिट हिस्टरी शून्य, लीज कोण देणार? मग फ्रीवेच्या कडेचं आठवड्याच्या रेटचं मोटेल. पदरात लहान मुलगी, खोलीत एक मायक्रोवेव्ह आणि गुडघ्याएवढा फ्रिज. मी चोरून इंडक्शनवर वरणाला फोडणी दिली तर स्मोक अलार्म बोंबलला आणि अख्खा मजला बाहेर. मुदत भरत आली तसं ऑफिसमधून नम्रपणे सांगितलं की आता तुम्हाला रूम सोडावी लागेल, शहराचा नियम आहे. आम्ही काय केलं होतं? काही नाही, पैसे वेळेवर भरत होतो. बॅगा, कुकर, मुलीची गादी भाड्याच्या गाडीत घालून पलीकडच्या मोटेलात गेलो. तिथे पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजणी सुरू. आयटीत आलेल्या किती मराठी घरांची सुरुवात अशीच झालीय, फरक एवढाच की नंतर सगळे घर घेतात आणि विसरतात, आणि काही जण विसरून वर प्रतिक्रिया लिहितात.

पुढे ग्रीन कार्ड आल्यावर मी एका मोटेलात नाइट डेस्कला, म्हणजे रात्रपाळीच्या काउंटरला, काम केलं, त्यामुळे काउंटरच्या दोन्ही बाजू मला माहीत आहेत. डेस्कवर एक यादी असायची, कोणाची मुदत कधी भरते त्याची. मालकीणबाई रोज संध्याकाळी ती बघायच्या. मुदत भरलेले लोक समोरच्या मोटेलात एक-दोन रात्री जायचे आणि परत यायचे, समोरचे आमच्याकडे यायचे, ज्याच्याकडे त्या रात्रीचे पैसे नसतील तो गाडीत झोपायचा. काही गावांनी ही पळवाट पण बंद केली, ६० दिवसांत मिळून २८ च दिवस असं लिहून टाकलं. म्हणजे संगीत खुर्चीतली खुर्चीच काढून घेतली. यात होते कोण? कॉन्ट्रॅक्टवरची नर्स, वेअरहाऊसमध्ये रात्रपाळी करणारा, घटस्फोटाची केस चालू असलेली बाई, आणि सकाळी सातला लॉबीसमोर स्कूल बसची वाट बघणारी पोरं. ती पोरं फेडरल (म्हणजे केंद्राच्या) कायद्याने बेघर धरली जातात हे तरी तुम्हाला माहीत आहे का? मॅकिनी-व्हेंटो कायदा, मूळचा १९८७ चा. दुसरी नीट जागा नाही म्हणून जी मुलं मोटेलात राहतात ती बेघर, आणि त्यांची शाळा तुटू द्यायची नाही. म्हणजे फेडरल सरकार म्हणतं मुलाला त्याच शाळेत ठेवा आणि शहर म्हणतं त्याला दर महिन्याला हलवा.

तुम्ही म्हणाल मालकांनी नियम पाळावेत ना मग. कुठला पाळायचा ते सांगा. कॅलिफोर्नियात ३० दिवस उलटले की पाहुणा भाडेकरूच्या हक्कांकडे सरकतो, मग त्याला काढायचं तर कोर्टात जावं लागतं, नुसतं कुलूप बदलून भागत नाही. त्यामुळे काही मालक मुद्दामच तिसाव्या दिवसाच्या आत बाहेर काढून पुन्हा चेक-इन करवतात. हे थांबवायला राज्याच्या सिव्हिल कोडमध्ये १९४०.१ कलम आहे, लोक ज्यात राहतातच अशा रेसिडेन्शियल हॉटेलात भाडेकरूचे हक्क टाळायच्या हेतूने असं केलं तर ५०० डॉलर दंड आणि वर वकिलाची फी. म्हणजे राज्य म्हणतं हक्क बुडवायला माणूस हलवू नका, शहर म्हणतं मुदतीत हलवलाच पाहिजे. मालक बिचारा इकडे आड तिकडे विहीर. (घ्या, केली पटेलांची वकिली.)

आणि याच राज्यात सॅन फ्रान्सिस्कोचं अगदी उलटं. तिथे १९८१ पासूनचा कायदा आहे की ज्या जुन्या हॉटेलांत गरीब माणसं कायमची राहतात त्या खोल्या परवानगीशिवाय टुरिस्टांना द्यायच्याच नाहीत. सॅन रेमो नावाच्या हॉटेलला खोल्या टुरिस्टांसाठी करून घ्यायला ५,६७,००० डॉलर भरावे लागले, ते भांडत भांडत सुप्रीम कोर्टापर्यंत गेले आणि २००५ मध्ये हरले. एका शहरात महिनाभर राहिलात तर बाहेर, दुसऱ्या शहरात राहणाऱ्याची खोली काढून घ्याल तर लाखोंचा भुर्दंड. दोन्हीकडे माणूस तोच, खोली पण साधारण तशीच. मग २०२० साली कोविड आला आणि 'मोटेल ही राहायची जागा नाही' म्हणणाऱ्यांची बोलतीच बंद झाली, कारण राज्याने प्रोजेक्ट रूमकी काढून बेघरांसाठी हॉटेल-मोटेलच्या खोल्या भाड्याने घेतल्या आणि होमकी या दुसऱ्या योजनेतून तर मोटेलंच्या मोटेलं विकत घ्यायला पैसे दिले. सरकारने घेतलं की घर, मालकाने दिलं की गुन्हेगारीचा अड्डा?

गुन्हेगारीचं म्हणाल तर तुम्ही आकडे दिले नाहीत, मीही देत बसत नाही. एवढंच सांगते की नाइट डेस्कला मला ज्यांची भीती वाटायची ते एका रात्रीसाठी रोख देऊन येणारे असायचे, महिनाभर राहून मुलांचे युनिफॉर्म बाल्कनीत वाळत घालणारे नाही. आणि थोडा वेळ राहणाऱ्यांवर पण नियम आहेतच की, डॅलसने दहा तासांहून कमी वेळासाठी खोली देणाऱ्या मोटेल्सना सेक्स-व्यवसायाच्या लायसन्समध्ये घातलं आणि सुप्रीम कोर्टाने १९९० मध्ये तो भाग उचलून धरला. त्याला माझा विरोध नाही. थोडा वेळ राहिला तरी संशय, जास्त राहिला तरी संशय, तर माणसाने नेमकं किती राहावं ते एकदा सांगून टाका.

रजिस्टरचा मुद्दा तुम्ही फार ठसक्यात लिहिलाय, त्यामुळे थोडक्यात. लॉस एंजेलिसचा असाच नियम होता, पाहुण्यांची नोंद ९० दिवस ठेवा आणि पोलिसांनी मागितली की तिथल्या तिथे दाखवा, नाहीतर सहा महिन्यांपर्यंत कैद आणि हजार डॉलरपर्यंत दंड. काही मोटेलमालक कोर्टात गेले, 'सिटी ऑफ लॉस एंजेलिस विरुद्ध पटेल', सुप्रीम कोर्टाचा निकाल जून २०१५, पाच विरुद्ध चार मतांनी. नोंद ठेवायला कोर्टाची हरकत नाही, पण नाही म्हणणाऱ्या मालकाला शिक्षेआधी तटस्थ माणसासमोर बाजू मांडायची संधी हवी, ती नव्हती म्हणून तो नियम रद्द. हो, पटेलच. अभ्यास वाढवा म्हणालात ना?

बाकी वकिलीबद्दल काय बोलणार. ज्या बाईंकडे मी काम केलं त्या नवसारीकडच्या, त्यांनी मला पहिल्या दिवाळीला पगाराबरोबर मठियाचा डबा दिला, आणि माझा ओव्हरटाइम पण एकदा बुडवला, दोन्ही लक्षात आहे. आधीच्या लेखात त्यांच्यावर टीकाही होती, पण तिथपर्यंत वाचायचा तुम्हाला धीर नसावा.

एक मुद्दा मात्र तुम्ही काढायला हवा होता, तुमच्याच बाजूला पडला असता की उलटला असता बघू या. इथला हॉटेल टॅक्स हा राज्याच्या कायद्याप्रमाणे ३० दिवस किंवा त्याहून कमी राहणाऱ्यांवरच लागतो. ॲनाहाइममध्ये डिस्नीलँडजवळ तो १५ टक्के आहे. म्हणजे पाहुणा महिन्याच्या वर टिकला की त्या खोलीवरचा शहराचा कर बंद, आणि दर २८ दिवसांनी बाहेर काढून नव्याने आत घेतला की चालू. आता हे नियम गुन्हेगारीसाठीच आहेत असं तुमचं अजून म्हणणं असेल तर जरूर लिहा, पण तुमच्या शहराचं बजेट उघडून हॉटेल टॅक्सची ओळ बघून लिहा. आणि खाली नाव टाका.