पिकअपला एसी कशाला लागतो?

गेल्या महिन्यात आम्ही नवीन पिकअप घेतली आणि तेव्हापासून पाहुण्यांत, डेअरीवर, बाजारात, जो भेटेल तो एकच विचारतोय, मालाच्या गाडीला एसी कशाला घेतला, उगाच पैसे घातले. प्रत्येकाला वेगळं सांगत बसण्यापेक्षा एकदाच इथं लिहिते. लांबेल थोडं, पण ज्यांना येत्या सहा महिन्यांत गाडी घ्यायचीय त्यांनी तरी शेवटपर्यंत वाचा.

गाडी मी चालवत नाही. आमचे हे चालवतात, अधूनमधून दीर. हिशोब सगळा माझ्याकडं. डिझेल किती, डागाला, म्हणजे मालाच्या एका नगाला, भाडं किती, हप्ता कधी, टायर कधी बदलले, दहा वर्षांच्या वह्या आहेत माझ्याकडं. ओतूरकडच्या शेतकऱ्यांची तरकारी रात्री भरायची, माळशेज घाट उतरून मुरबाडवरनं कल्याण नाहीतर वाशी मार्केटला पोचवायची आणि सकाळी रिकामे क्रेट घेऊन वर यायचं, हा आमचा धंदा. जाऊन येऊन 280 किलोमीटरच्या आसपास, महिन्याला पंचवीस फेऱ्या धरा.

जुनी गाडी सेकंडहँड घेतलेली, सगळ्यात खालचं मॉडेल. पॉवर स्टिअरिंग नाही, एसी नाही. तेव्हा आम्हाला तेवढंच परवडत होतं त्यामुळं त्याबद्दल तक्रार नाही, त्याच गाडीनं घर उभं केलं. पण यांचा उजवा खांदा त्या स्टिअरिंगनं गेला. भरलेल्या गाडीचं स्टिअरिंग घाटातल्या वळणांवर रोज ओढायचं म्हणजे काय ते मला यांचा हात वर जाईना तेव्हा कळलं. शर्ट घालताना मी बाही धरायची असं दोन महिने चाललं होतं.

आणि एसीचं कारण ऊन नाहीच, हे मला लोकांना पटवून सांगायला फार वेळ लागतो. ऊन सोसायची सवय आहे आपल्याला. एसीचं कारण आहे माळशेजचा पाऊस.

जुलै-ऑगस्टमध्ये रात्री अकराच्या पुढं ज्यानं माळशेज उतरलाय त्याला माहितीये. बाहेर धुकं असतंच, पण खरा त्रास आतला असतो. दोन माणसं केबिनमध्ये, कपडे भिजलेले, ताडपत्री बांधून नुकतेच आत बसलेले, काचा बंद, आणि पाच मिनिटांत समोरची काच आतनं पांढरी होते. काच खाली करावी तर पाऊस थेट अंगावर. मग एका हातानं स्टिअरिंग आणि एका हातानं फडकं, पुसलं की परत धरतं, पुसलं की परत धरतं, आणि पॉवर स्टिअरिंग नसलेली गाडी वळणावर एका हातानं वळत नाही. दोन वर्षांपूर्वी असंच पुसता पुसता समोर बंद पडलेला ट्रक उशिरा दिसला, त्याला दिवे नव्हते. यांनी गाडी डोंगराच्या बाजूला घातली आणि पुढचं चाक गटारात गेलं. माणसांना काही झालं नाही. क्रेन मिळेपर्यंत उजाडलं, मेथी-कोथिंबिरीचा बाजार होऊन गेला आणि माल निम्म्या भावानं गेला, शेतकऱ्यांचं नुकसान आम्ही आमच्या खिशातनं भरलं. पैसे जातात येतात. पण गटार डोंगराच्या बाजूला होतं, दुसऱ्या बाजूला दरी होती, हे मला अजून रात्री आठवतं.

एसी हवेतला ओलावा काढतो. काचेवर मारला की थोड्या वेळात काच साफ होते, दोन्ही हात स्टिअरिंगवर राहतात. मला एवढ्यासाठीच हवा होता.

तर नवीन गाडीचं ठरलं तेव्हा घरात बैठक झाली. मामांचं, म्हणजे माझ्या सासऱ्यांचं म्हणणं होतं बेस, म्हणजे बिनएसीचं सगळ्यात खालचं मॉडेल घ्या, वाचलेल्या पैशात ठिबकची एक लाईन होईल. त्यांचंही चूक नव्हतं, त्यांनी आयुष्य बैलगाडीपासून काढलंय. शोरूममधला पोरगासुद्धा बेसच दाखवत होता, म्हणाला वहिनी ड्रायव्हर लोकांना एसी दिला की झोप लागते. मी त्याला म्हणलं ड्रायव्हर इथं शेजारी बसलेत, त्यांनाच विचार. तो गप्प झाला. पण हे वाक्य मला तीन ठिकाणी ऐकायला मिळालं, म्हणजे कुठंतरी हे ठरूनच गेलंय की गाडी घेणारा एक आणि चालवणारा दुसरा, त्यामुळं चालवणाऱ्याच्या अंगाचं काय होतं ते कोटेशनमध्ये धरायचंच नाही.

मी वही काढली. आम्हाला दोन व्हेरियंटमधला फरक 45 हजार सांगितला होता. चार वर्षांच्या लोनवर तो महिन्याला साधारण 1150 रुपये हप्ता वाढवतो, पंचवीस फेऱ्यांत वाटला तर फेरीला 46 रुपये. एसी पूर्ण वेळ लावला तर जास्तीचं डिझेल फेरीला एक लिटर धरलं, महिनाभरानंतर बघितलं तर तेवढंच भरतंय. म्हणजे दीडशे रुपयांच्या आत सगळं. कोथिंबिरीचे तीन-चार डाग जास्तीचे. शिवाय 22 सप्टेंबर 2025 पासून मालवाहू गाड्यांचा जीएसटी 28 वरनं 18 टक्के झाला, म्हणजे जी गाडी टॅक्स धरून दहा लाखाला पडायची ती साधारण 78 हजारांनी उतरली. मी मामांना म्हणलं, आधी घेतली असती तर बेसलाच याच्यापेक्षा जास्त गेले असते, ठिबकची लाईन पण होईल. तेव्हा कुठं ते हो म्हणाले.

आता एक गोष्ट जिचा मला खरंच राग येतो. 1 ऑक्टोबर 2025 पासून बनणाऱ्या मालट्रकच्या केबिनला एसी सक्तीचा झालाय, सरकारचाच नियम आहे, ड्रायव्हर थकतो म्हणून केला, चांगला केला. पण तो लागू होतो मालासकट एकूण वजन (जीव्हीडब्ल्यू) साडेतीन टनाच्या वर असलेल्या गाड्यांना. आमच्या आरसीवर जीव्हीडब्ल्यू किती आहे माहितीये? 3490 किलो. दहा किलोनी आमचा ड्रायव्हर नियमातनं सुटला! मोठा ट्रक ज्या घाटात उतरतो त्याच घाटात त्याच पावसात त्याच रात्री पिकअपही उतरते, मग काच काय वजन बघून धुकं धरते का. पिकअपवाला मालक बहुतेक स्वतःच चालवतो, त्याच्यामागं युनियन नाही, कंपनी नाही. त्याच्यासाठी नियम व्हायला पाहिजे आणि तो होईपर्यंत आपल्या घरातल्या माणसासाठी आपणच व्हेरियंट निवडायला पाहिजे.

दुसरा वाद झाला पासिंगवरनं, म्हणजे गाडीत कायद्यानं किती माल भरता येतो त्यावरनं, 1.3 टन का 1.7 टन. इथं मात्र मी सगळ्यांना 1.7 च घ्या म्हणणार नाही. ज्या गाडीचं जीव्हीडब्ल्यू 3000 किलोच्या आत आहे तिला मोटार वाहन कायद्याप्रमाणं परमिट लागत नाही, वरच्या गाडीला लागतं. घरचाच माल, जवळचा बाजार, आठवड्याला दोन फेऱ्या असतील तर 1.3 पुरे, वाडीतल्या रस्त्यावर वळायलाही सोपी. आमचं गणित वेगळं होतं. टोमॅटोचं भरलेलं क्रेट क्रेटसकट 22 किलो धरा, 1.3 टनात 59 क्रेट बसतात, 1.7 टनात 77. आणि त्यातनंही किन्नरचं, म्हणजे ड्रायव्हरच्या जोडीच्या मदतनिसाचं वजन, वरनं बांधून घेतलेल्या लोखंडी जाळीचं वजन, ताडपत्री, दोर हे सगळं वजा होतं, ते कुणी मोजत नाही. जाळी तर भरभक्कम करून घेतात आणि मग म्हणतात गाडी दबते.

हौद्याला, म्हणजे माल भरायच्या मागच्या भागाला, फसू नका. लांब हौदा बघितला की वाटतं शंभर क्रेट आरामात बसतील, आणि बसतातही, पण शंभर क्रेट म्हणजे 2200 किलो. हौदा मोठा म्हणून पासिंग मोठं होत नाही. कमी पासिंगची गाडी स्वस्तात घ्यायची आणि बाहेरनं पाटे (चाकावरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या) वाढवायचे हा आपल्याकडं सगळीकडं चालणारा प्रकार आहे, आम्हीही जुन्या गाडीला केला होता. पाटे वाढवल्यानं गाडी बसत नाही, पण ब्रेक तेच राहतात, टायर तेच राहतात. घाट उतरताना ब्रेकचा वास येतो तो त्याचाच. कायद्यातल्या 2019 च्या दुरुस्तीनंतर ओव्हरलोडला 20 हजार आणि वर प्रत्येक जादा टनाला 2 हजार दंड आहे, एकदा बसला की दोन व्हेरियंटमधल्या फरकातला अर्धा पैसा तिथंच गेला.

काही जण घाबरवतात की मोठ्या पासिंगला लायसन्स वेगळं लागतं, इन्शुरन्स वाढतो. सुप्रीम कोर्टानं 6 नोव्हेंबर 2024 ला सांगितलंय की एलएमव्ही, म्हणजे हलक्या गाडीच्या लायसन्सवर साडेसात हजार किलोपर्यंतची ट्रान्सपोर्ट गाडी चालवता येते. थर्ड पार्टी इन्शुरन्सचा स्लॅबही मालगाडीला 7500 किलोपर्यंत एकच आहे. त्यामुळं 1.3 आणि 1.7 मध्ये त्यावरनं निवड करू नका.

ज्यावर पैसे घालू नये असं मला वाटतं ते म्हणजे स्टिकर, मोठं म्युझिक, सीट कव्हरचं पॅकेज, आणि ते शोरूममधनंच बसवून लोनमध्ये टाकणं. त्या पैशांवर चार वर्षं व्याज भरता. सीट मात्र बसून बघा, उंची मागंपुढं होते का बघा, आणि बघायला जो रोज चालवणार त्याला न्या. आमच्याकडं हे अर्धा तास नुसते सीटवर बसून होते, क्लच दाबून दाबून बघत होते. मोबाइलवर गाडी कुठं आहे ते दिसणारं फीचर काही व्हेरियंटला येतं, ते मी आधी बिनकामाचं म्हणत होते. आता रात्री जाग आली की बघते, मुरबाडच्या पुढं ठिपका सरकलेला दिसला की परत झोप लागते. ज्यांच्या घरातलं माणूस रात्रीचं रस्त्यावर असतं त्यांना कळेल.

विकताना एसीचे पैसे वसूल होत नाहीत असं म्हणतात आणि ते खरं असेल, सेकंडहँड घेणारा आधी इंजिन आणि टायर बघतो. नाही झाले तर नाही होऊ देत.

ओतूर, आळेफाटा, नारायणगाव भागातलं कुणी गाडी बघत असेल तर कोटेशन घेऊन घरी या, दोन-तीन शोरूमची आणा, शेजारी शेजारी ठेवून बघू, माझी वही पण दाखवते. बायकांनी तर नक्की या. फक्त संध्याकाळी सात ते दहा नको, तेव्हा आमच्याकडं गाडी भरायचं काम चालू असतं.